तळहाताचं माप

झोप लागू द्यायची नाही असं ठरवून माणूस आडवा होतो, तेव्हाच ती हमखास लागते. हौसा कुव्याच्या बाहेरच्या सांगाड्याखाली, फळ्यांच्या सावलीत, पोत्यावर अंग टाकते ती नुसती पाठ सरळ करायला. डोळे मिटायचे नाहीत असं तिनं स्वतःला बजावलेलं असतं. मिटले की भिंत दिसते.

बाहेर भैरोबाची जत्रा ऐन रंगात आली आहे. पाळणा करकरतो, पिपाण्या वाजतात, भज्यांच्या तेलाचा वास धुळीत मिसळून इथवर येतो. भोंग्यातून बाळगोंडा मालकाचा आवाज घुमतो आहे: आज जत्रेचा मुख्य दिवस, आज मौत का कुआँ चालू, आज हौसाबाई भिंतीवर. गेले दोन दिवस कुवा बंद होता म्हणून मालकही बंद होता. आज त्याचा गळा मोकळा झाला आहे. ज्याला स्वतः भिंतीवर चढायचं नसतं त्याचा गळा तसाही मोकळाच असतो.

ज्यांनी कुवा पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं. लाकडी फळ्या उभ्या जोडून केलेली ही गोल विहीर, बिनपाण्याची, दोन-तीन पुरुष खोल. लोक बाहेरून शिडी चढून काठावर येतात आणि आत वाकून बघतात. तळाला मोटरसायकल असते. ती आधी तळावर घिरट्या घालते, मग कडेच्या तिरप्या फळ्यांवर येते आणि तिथून एका दमात उभ्या भिंतीवर जाते. तिरप्या फळीवरून भिंतीवर जाताना रेस द्यायची असते. गाडीनं ती घेतली तर लोक टाळ्या वाजवतात. गाडीनं क्षणभर विचार केला, तर पुढचा शब्द कुव्यातली माणसं तोंडातून काढत नाहीत. ‘पडणं’ हा शब्दच त्यांच्यात चालत नाही. त्यांच्यात ऊन येतं, पाऊस येतो, आजारी माणूस अंथरूण धरतो. हौसाचा नवरा सर्जेराव महिन्यामागे भिंतीवरून निसटून गळ्याखालचं हाड मोडून बसला, तेव्हाही तो ‘खाली आला’ एवढंच म्हणाले सगळे.

आणि आता गाडी विचार करायला लागली आहे. तळावर ठीक चालते, उभी असली की गुणी बाळासारखी फुटफुटते, पण एकदम रेस दिली की अडखळते. एक आचका, मग पळते. रस्त्यावर असा आचका आला तर माणूस दोन शिव्या देऊन पुढे जातो. भिंतीवर शिवी द्यायलाही सवड नसते. सर्जेरावानं एका हातानं जमेल तेवढं सगळं केलं. प्लग बदलला, केबल बदलली, पेट्रोल फडक्यातून गाळलं, हवेचा स्क्रू आत-बाहेर करून त्याचं डोकं पार गुळगुळीत केलं. आचका आहे तिथंच आहे. सकाळी तो म्हणाला की आज चढायचं नाही, मालकाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे. मुख्य दिवशी भिंत सोडली की ती कायमची सुटते, असं तिचे वडील, तात्या, म्हणायचे. चढली तर जीव जाईल याची भीती, आणि नाही चढली तर पुन्हा कधीच चढणार नाही याची. संध्याकाळ व्हायच्या आत दोन्हींतली एक निवडायची आहे.

फळ्यांच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या रेघा तिच्या अंगावरून हळूहळू सरकतात. एक रेघ पापणीवर येते. पापणी आतून तांबडी होते. मालकाचा आवाज लांब जातो, जवळ येतो, पुन्हा लांब जातो, आणि मग गाडी चालू होते.

आपलीच गाडी. दुसऱ्या कुणाची असती तर हौसाचे डोळे उघडले नसते. गाडीला कुणी हात लावला ते बघायला ती उठते. उठताना पोतं अंगाला चिकटत नाही, गुडघा दुखत नाही. फळ्यांची भिंत समोर आहे, आणि मग ती मागे आहे. हौसा कुव्याच्या तळाशी उभी आहे.

गाडीपाशी तात्या उकिडवे बसलेत. अंगात तीच तांबडी जर्सी, कोपराला निळ्या दोऱ्यानं शिवलेली. धोंडिराम उस्ताद म्हणून सगळ्या जत्रा त्यांना ओळखायच्या. हौसाला भिंतीवर चढायला त्यांनीच शिकवलं, आणि ही गाडीही त्यांचीच. आयुष्यभर भिंतीशी खेळले आणि शेवटी, दोन वर्षांमागे, तासगावच्या घरात, खाटेवर, काविळीनं गेले. ते गेलेत हे हौसाला माहीत आहे. स्वप्नातही ती ते विसरत नाही. आईनं लहानपणी सांगितलेलंही विसरत नाही: गेलेलं माणूस सपनात आलं तर बोलावं, च्या-पाणी विचारावं, पण त्यानं चल म्हटलं तर मागं जाऊ नये. गेलेल्याच्या मागं गेलं की माघारी येणं नसतं.

तात्यांची पाठ तिच्याकडे आहे. गाडी धडधडते आहे. हौसा ओठातल्या ओठात म्हणते, “तात्या, कवा आलासा?”

“तू बलावलंस तवा,” तात्या मागे न बघता म्हणतात.

हौसाच्या अंगावर काटा येतो. मेलेला माणूस बोलला म्हणून नाही, बहिऱ्या माणसाला ऐकू आलं म्हणून. कुव्यातल्या गाडीला सायलेन्सर नसतो. आवाज कानठळ्या बसवणारा असल्याशिवाय लोक शिडी चढत नाहीत, म्हणून तो काढूनच टाकतात. त्या आवाजानं तात्यांचे कान त्यांच्याआधी कितीतरी वर्षं गेले होते. शेवटी शेवटी तर कानापाशी ताट आपटलं तरी मान वळत नसे. घरातले सगळे त्यांच्याशी हातवारे करून बोलत. आणि आता हौसा कुजबुजली ते त्यांना गाडीच्या आवाजातही ऐकू आलं आहे.

“कुनी उघडली ही?” तात्या विचारतात.

मागच्या जत्रेच्या गावी पिंटू मिस्त्रीनं उघडली, असं हौसा सांगते. कार्बोरेटरमध्ये घाण साठली होती. त्यानं सगळं सुटं केलं, पेट्रोलमध्ये धुतलं, तारेनं भोकं मोकळी केली, पुस्तकात असतं तसं परत बसवलं. चांगला मिस्त्री आहे, गावात नाव आहे त्याचं.

“साफ केली का शाणी केली?” तात्या म्हणतात, आणि गाडी बंद करतात.

कुव्यात एकदम शांत होतं. हौसा वर बघते. काठावर कुणी नाही, नुसतं पांढरं आभाळ आहे, गोल. तिला विचारायचं असतं की आई भेटली का, तिकडं बरं आहे का, पण तोंडातून येतं ते दुसरंच. “काय चुकलंय, सांगा की तात्या. सांजच्याला चढायचं हाय.”

“सांगून कळतंय व्हय?” तात्या उठतात, टांग टाकून गाडीवर बसतात, आणि मागच्या सीटवर थाप मारतात. “बस मागं. दावतो.”

हौसाचे पाय जागच्या जागी राहतात. जाऊ नये, जाऊ नये, असं आई आतून सांगते. नाही म्हणण्याची तिची छाती होत नाही. बापाला नाही म्हणायची सवयच तिला कधी लागली नाही. म्हणून ती बायका करतात तेच करते. वेळ काढते.

“आदी च्या घ्या,” ती म्हणते.

“दे,” तात्या म्हणतात.

ती चहा आणायला वळते आणि तासगावच्या घरात असते. तीच खोली, तोच शेणानं सारवलेला कोपरा, खिडकीला तीच तुटकी कडी. गाडी खोलीच्या मधोमध उभी आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तात्या भुईवर फतकल मारून बसलेत. पुढ्यात पितळेची परात, आणि परातीत कार्बोरेटर सुटा करून मांडलेला. हौसा कप देते. कपातून पेट्रोलचा वास येतो. तात्या तो बशीत ओततात, फुंकर मारतात आणि भुरका घेतात.

“गोड झालाय,” ते म्हणतात.

मग हौसाचं खाटेकडे लक्ष जातं, आणि तिला वाटतं इथून आत्ताच्या आत्ता निघावं. खाटेवरही तात्याच आहेत. भिंतीकडे तोंड करून निजलेले, मान हळदीसारखी पिवळी. खाटेच्या मागं एक बाई उभी आहे, खाटेचा कठडा धरून. ती हौसाच आहे. तिचे ओठ हलताहेत.

ती काय बोलते आहे हे इकडच्या हौसाला पाठ आहे. तात्यांच्या शेवटच्या दिवसांतली ती दुपार. घरात कुणी नव्हतं. जे नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, देवापुढंही उच्चारलं नाही, ते तिनं त्या दुपारी बहिऱ्या बापाच्या पाठीला सांगून टाकलं होतं. मला भ्या वाटतं. दर खेपंला वाटतं. तिरपी फळी आली की पोटात कालवतं. मला न्हाई चढायचं आता. सांगितलं आणि तोंड धुऊन चुलीपाशी जाऊन बसली. बहिऱ्या पाठीला सांगायला धाडस लागत नाही.

“ऐकलं मी,” परातीपुढचे तात्या म्हणतात. त्यांच्या चिमटीत सुईएवढं काहीतरी आहे, ते ते जर्सीला पुसताहेत.

हौसा परातीकडे वळते. “कवा?”

“तवाच.”

“तुमाला ऐकू कुटं येत हुतं?”

“कानानं न्हाई. खाट हालली. तू कठडा धरलावतास न्हवं? तुजा हात थरथरत हुता. मानूस काय बोलतंय त्ये हाताला कळतंय, हौसे.”

हौसाला राग येतो. इतका की ती विसरते समोर कोण आहे. दोन वर्षं ती समजत होती की ते गुपित मातीत गेलं. आणि हा माणूस सगळं कळून भिंतीकडे तोंड करून निजून राहिला. नको चढू एवढं म्हणाला असता तरी तिनं तेव्हाच गाडी विकली असती. चढ म्हणाला असता तरी चाललं असतं. “मग बोलला का न्हाईसा?” ती विचारते, आणि आवाज फुटतो.

तात्या बराच वेळ पुसत राहतात. “बाप म्हनून सांगायचं का उस्ताद म्हनून, त्येच ठरंना,” ते म्हणतात. “ठरवंस्तवर कावीळ डोक्यात गेली.”

हौसा रडते. रडताना तिला बरंही वाटतं, कारण दोन वर्षांत ती या माणसासाठी नीट रडलीच नव्हती. जत्रेमागून जत्रा, गावामागून गाव, रडायला बसायचं कुठं. तात्या तिला गप्प करत नाहीत. ते पहिल्यापासून तसेच.

“मला बी वाटायचं,” ते एकाएकी म्हणतात.

“काय?”

“भ्या. रोज. तुला काय वाटलं, उस्तादाला वाटत न्हाई?”

हौसाला ते खरंच वाटलं नव्हतं. तिला वाटायचं की तात्यांना भीतीचा अंशच जन्मतः दिलेला नाही आणि तिच्या वाट्याला तो दुप्पट आलाय. ती डोळे पुसते आणि बघते तर परात रिकामी आहे. गाडी जोडून झाली आहे आणि तात्या तिच्यावर बसलेत. खाटेवर कुणी नाही. खोलीला मागची भिंतही नाही. तिथून माळाचा रस्ता सुरू होतो, भर उन्हातला, पांढराफटक, कुत्रंसुद्धा नसलेला.

तात्या किक मारतात, रेस देतात. गाडी ती एका दमात घेते. आचका नाही, विचार नाही. हौसा कान देऊन ऐकते, कुठंतरी अडखळेल म्हणून वाट बघते, पण गाडी अडखळत नाही. तात्या तिच्याभोवती एक घिरटी घालतात आणि पुढ्यात येऊन थांबतात.

“बस मागं,” ते म्हणतात.

आता चहाची सबब उरलेली नाही. हौसा त्यांच्या पाठीकडे बघते. तांबड्या जर्सीवर घामाचा डाग आहे. लहानपणी त्या पाठीला गाल लावून ती गावोगाव हिंडली होती. झोप यायची, तेव्हा तात्या एक हात मागे करून तिला धरायचे. मागे बसलं की सगळं संपेल. भिंत संपेल, मालकाचा भोंगा संपेल, पोटातलं कालवणं संपेल. चढू का नको हे पुन्हा कुणी विचारणार नाही. हे तिला त्या वेळी इतकं हवंसं वाटतं की तिचा पाय आपोआप उचलतो आणि गाडीच्या पायठणीवर जातो. पायठण गरम आहे. तिचा एक हात तात्यांच्या खांद्याच्या दिशेनं निघतोसुद्धा.

आणि तिला सर्जेराव दिसतो. दिसतो म्हणजे काय, त्याचा तो गळ्यात अडकवलेला हात दिसतो, आणि एका हातानं स्क्रू फिरवताना दातात धरलेलं फडकं. संध्याकाळी ती नसली तर तो त्या गाडीशी एकटा बसेल, आणि जन्मभर तोच स्क्रू फिरवत राहील.

पाय खाली घ्यायला जेवढं बळ लागतं तेवढं तिला भिंतीवरही कधी लागलं नव्हतं. पण ती घेते. “तात्या,” ती म्हणते, “तुमी मागं बसा. मी चालवती.”

तात्या वळून बघतात. या सगळ्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा तिला पुरता दिसतो. पिवळा नाही. रागावलेलाही नाही. पण तो इतका वेळ तिच्याकडे बघत राहतो की तिला वाटतं, झालं, चुकलं आपलं. मग तात्या हँडल सोडतात आणि सीटवरून मागे सरकतात.

“बरं,” ते म्हणतात.

हौसा गाडी घेते. मागे बापाचं वजन आहे, चांगलं भरीव. रस्ता आधी सपाट आहे, मग एका अंगाला कलतो, मग दोन्ही कडांनी वर उचलायला लागतो. डांबराच्या फळ्या होतात. माळ मिटत मिटत गोल होतो. ती कुव्यात आहे आणि घिरट्या घालते आहे. वर काठावर माणसं गच्च आहेत, पण त्यांना तोंडं नाहीत, नुसते कठड्यावरचे हात आहेत. तिरपी फळी समोर येते. आता थांबता येत नाही. हौसा रेस देते.

गाडी विचार करते.

तो क्षण संपत नाही. आवाज गिळला जातो, पुढचं चाक फळी आणि भिंतीच्या सांध्यावर आहे, भिंत तोंडाशी आली आहे, आणि गाडीत दम नाही. हौसा रेस आणखी पिळते आणि गाडी आणखी गुदमरते. आपण मागे बसलो नाही म्हणून हे, असं तिच्या मनात येतं. नाहीतरी न्यायचंच होतं त्यांना. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

तेव्हा तिच्या मांडीखालून तात्यांचा हात पुढं येतो. घाई नाही. भाकरी थापल्यासारखा तो पंजा कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर बसतो आणि ते अर्धं झाकतो. गाडी एक उचकी देते, घसा मोकळा करते आणि उसळते. सांधा मागे जातो. ते भिंतीवर आहेत.

हौसानं हा हात शेकडो वेळा पाहिला होता. कान गेल्यापासून तात्या गाडी दुरुस्त करायला घेतली की असाच तळहात कार्बोरेटरच्या तोंडावर धरून डोळे मिटून बसायचे, वैद्य नाडी बघतो तसे. लोक हसायचे. हौसालाही ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं.

“तुजा हात दे,” तात्या तिच्या कानाशी म्हणतात.

“भितीवर हाय मी, तात्या.”

“दे म्हनतोय न्हवं.”

ती डावा हात हँडलवरून काढते. तात्या तो धरतात, खाली नेतात आणि आपला पंजा काढून त्याच्या जागी ठेवतात. गाडी तिचा तळहात आत ओढून घेते. असं ओढते की कातडीसकट आत जाईल. जरा उचलला की गाडी खोकते, जरा झाकला की पळते. हौसा पुन्हा उचलते, पुन्हा झाकते. तेच. तिला हसू येतं आणि त्याच वेळी दातखीळ बसायची पाळी येते, कारण खाली बघितलं तर तळ दिसत नाही.

“वारं लई झालंय तिला, आन् पेट्रोल कमी,” तात्या म्हणतात. “मिस्त्रीनं रस्त्याच्या गाडीला करत्यात तसं केलंय. ही काय रस्त्याची हाय? सायलेन्सर काडलाय, फिल्टरचा डबा काडलाय. उघड्या छातीनं पळणाऱ्याला घोटभर जास्त लागतंय.”

“मग मी काय करू?”

“आता हाताला कळलंय न्हवं. त्येला ईचार.”

त्यांचा आवाज जरा लांबून आलेला असतो. गाडी हलकी वाटते. पाठीला लागलेली ऊब जाते, तिथं नुसतं वारं लागतं. हौसाला मागे बघायचं आहे, या जगात दुसरं काहीही करायचं नाही, फक्त मान वळवायची आहे.

“मागं बगू नगंस,” तात्या म्हणतात, आता काठाच्याही पलीकडून. “भितीवर मागं बगत न्हाईत.”

ती बघत नाही. डोळे भरून आल्यानं समोरच्या फळ्या एकमेकींत मिसळतात, उन्हाच्या रेघा होतात, आणि एक रेघ पापणीवर येऊन थांबते.

“हौसा, ऊठ. मालक बोंबलतोय.”

सर्जेराव वाकून तिच्या खांद्याला हलवतो आहे. रेघा पार पायाशी गेल्या आहेत. तिच्या तोंडाला धूळ लागलेली आहे आणि गालावर पोत्याचे वळ. ती उठून बसते, तोंड पुसायला डावा हात वर करते आणि तशीच थांबते.

तळहाताच्या मधोमध एक लाल कडं उमटलं आहे. अगदी गोल. आतली कातडी ओढून वर आल्यासारखी फुगलेली, दाबलं तर हुळहुळणारी.

सर्जेराव तो हात धरून उन्हात नेतो. “कशावर झोपलीवतीस?” तो विचारतो. पोतं उचलून बघतो. खाली माती आणि थोडा भुसा. गोल असं काही नाही.

हौसा कुव्याच्या दारातून आत जाते, गाडीपाशी बसते आणि हात कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवते. कडं आणि तोंड एकाच मापाचं आहे. गाडी सकाळपासून बंद, लोखंड थंडगार.

ती सर्जेरावाला सांगते की कार्बोरेटरमधली सुई वर उचलायची, एक खाच. तो म्हणतो की पिंटूनं ती मधल्या खाचेत बसवलीय, मधलीच असते, सगळीकडं तीच असते.

“सगळीकडं सायलेन्सर असतोय,” हौसा म्हणते.

सर्जेराव उघड्या नळकांड्याकडं बघतो, मग तिच्याकडं. पक्कड देतो. हौसा झाकण फिरवून काढते, सुई बाहेर घेते, तिची बारीक पिन मधल्या खाचेतून काढून एका खाचेनं खाली सरकवते. पिन खाली गेली की सुई तेवढी वर राहते आणि पेट्रोल तेवढं जास्त येतं. दहा वर्षांच्या पोराला कळेल असं काम आहे. झाकण लावून ती किक मारते, गाडी तापू देते आणि मग एकदम रेस पिळते.

गाडी घेते. पुन्हा पिळते, पुन्हा घेते. सर्जेराव जवळ येऊन टाकीवर हात ठेवतो आणि तसाच उभा राहतो. त्यानं कुठून कळलं असं विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. तो विचारत नाही.

बाहेर शिडीवर पावलं वाजायला लागतात. मालक माणसं वर सोडतो आहे. हौसा गाडी बंद करते, कारण हे तिला आवाजात सांगायचं नाही.

“मला भ्या वाटतंय,” ती म्हणते. “दर खेपंला वाटतं. कवाच बोलले न्हाई.”

सर्जेरावाचे कान शाबूत आहेत. त्याला पहिल्या खेपेलाच ऐकू जातं. तो आधी वर बघतो, मग खाली बघतो, गळ्यातली झोळी सारखी करतो.

“मग नगं चढू.”

“चढायचं हाय. सांगून चढायचं हाय.”

तो मान हलवतो. जाताना चांगल्या हातानं तिच्या गालावरची धूळ पुसतो, आणि दार बाहेरून लावून न घेता आतच, दाराला पाठ लावून उभा राहतो. उस्ताद असते तर त्यांनी असं कुणाला उभं राहू दिलं नसतं. हौसा राहू देते.

गाडी सुरू होते. तळावर एक घिरटी, दुसरी घिरटी, मग तिरपी फळी. हौसाच्या पोटात कालवतं, ठरल्याप्रमाणे. ती रेस देते. फळ्या कडकडतात, वरची माणसं कठड्यापासून मागे सरतात, आणि गाडी भिंतीवर गोल गोल फिरत काठाच्या जवळ येत जाते. उन्हं कलली आहेत. अर्धा कुवा सावलीत, अर्धा पिवळ्या उजेडात, आणि ती सावलीतून उजेडात, उजेडातून सावलीत पळते आहे. मग ती हँडल सोडते आणि दोन्ही हात पसरते.

काठाला टेकलेली एक बाई शेजारणीला कोपर मारते. “बग की,” ती म्हणते, “एकाच हाताला मेंदी लावलीया.”